किड्यांच्या दोन टोपल्या

मोखाडा, ता. ९ फेब्रुवारी १९३०

चि. लाडक्यास सोमादादाचे अ. उ. आशीर्वाद.

तुझा नांगर, तुझ्या बायकोचे, सकूचे मुसळ, घराचे दार, आईची कणगी आणि हे अक्षर, सगळे मी या हातांनी केले. कुणी शिकवले नाही. म्हणून विचारतो, मला न पुसता आपल्या डोंगरउतारावरच्या वरकसात किडे सोडलेसच कसे? निवडुंगाने नागलीची निम्मी जमीन गिळली, कबूल. पण जव्हारचे शेतकीचे साहेब किडे फुकट वाटतात ते कशासाठी? फुकटची वस्तू मी आधी उलटी करून बघतो. किडे बसलेले एक पान धाड. माया कमी करू नको, अक्कल वाढव.

सोमा

सूर्यमाळ, ता. १८ फेब्रुवारी

ती. दादांस लाडक्याचा शि. सा. न.

दादा, तुम्ही नवरदेवालाही ठोकून वाजवून बघाल! पान शेजारच्या माघीच्या भावाबरोबर धाडले आहे. कापूस चिकटल्यासारखे दिसतात ते किडे. चिरडू नका, बोट लालभडक होते. सकू ते रक्त समजून वरकसात पाऊल टाकीत नाही. साहेब म्हणाले, हा किडा निवडुंगाशिवाय काही खात नाही. वखारीचे शेठ मात्र बाजारात सांगत फिरतात की निवडुंग संपला की किडे नागलीवर उतरतील. पाडा बिथरला आहे. शिमग्याला आपला निवडुंग किड्यांसकट जाळायचा आणि आमच्या घरचे पाणी बंद करायचे ठरते आहे. माझे कुणी ऐकत नाही, तुमचे ऐकतील. आधी उत्तर धाडा, मग हवे तेवढे रागवा.

आपला लाडक्या

मोखाडा, ता. ९ मार्च

चि. लाडक्यास अ. उ. आशीर्वाद.

साहेबावर माझा विश्वास नव्हता, शेठवर त्याहून नाही. म्हणून दोन टोपल्या विणल्या, मुंगी सुटणार नाही अशा, आणि तोंडाला धडुते बांधले. एकीत परसात पाणी घालून उगवलेली नागलीची रोपे ठेवली, दुसरीत निवडुंग. किड्यांची पिल्ले पिसाने उचलून दोन्हींत सोडली. नागलीवरची नुसती फिरली आणि वाळून मेली. एका पात्यालाही डाग नाही. निवडुंगावरच्यांनी बाळसे धरले. दोन्ही टोपल्या सोबत धाडतो. होळी पेटण्याआधी पाड्यासमोर उघड. माझ्या शब्दावर नको, आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवा म्हणावे. टोपल्या परत कर, वीण झकास उतरली आहे. सकूस आशीर्वाद. मला जीव लावतोस तसाच लावत जा.

सोमा

ता. क. शेठ काल माझ्या ओट्यावर आला. आजवर कधी आला नव्हता. म्हणाला, किड्यांनी नासणारी ती जमीन मला विका, उपकार समजा. मी विचारले, नासणारच तर तुम्हांला कशाला? तो हसला आणि आकडा वाढवीत गेला. शेवटी साठ रुपयांवर आला. मी नाही म्हटले.