घरपट्टीचा अर्ज

अब्बा,

तुम्ही गेल्याला एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. भांडण घरपट्टीचं आहे. हसू नका. रियाधमध्ये आपण कायम भाड्याच्या घरात राहिलो, मी अजूनही तिथल्याच मलाझ भागात तशीच राहते. त्यामुळे स्वतःच्या घरावरही दरवर्षी कर भरावा लागतो, हे मला चाळिशी उलटेपर्यंत धड माहीत नव्हतं. गावच्या घराची पावती चाचांच्या नावाने येते, हे मागच्या महिन्यात कळलं. चाचा गेले, आणि आता त्यांचा मुलगा म्हणतो, पावती आमची तर घर आमचं. ते पाडून त्याला इमारत बांधायची आहे. त्या घरात अम्मी एकटी राहते. "त्याला सांग, हे घर तुझ्या अब्बांनी बांधलंय," एवढंच ती फोनवर सांगत राहिली.

मी रजा काढून गावी गेले. ग्रामपंचायतीत कारकुनाने मोठी नोंदवही उघडली. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी. मालकाचा रकाना वेगळा, राहणाऱ्याचा वेगळा. आपल्या दारासमोरचा दिवा पेटलेला मी तरी कधी पाहिला नाही. "ताई, घरपट्टी भरली म्हणून मालकी होत नाय," तो म्हणाला. "कर कोणाकडून घ्यायचा, त्याची ही नोंद." मग मालकी कशाने होते? "त्याचे कागद वेगळे." मग या वहीत मालक असं का लिहिलंय? त्याने डोकं खाजवलं. माझा पार गोंधळ उडाला होता. शेवटी मी विचारलं, चाचांचं नाव इथे चढलं कशावरून? त्याने जुनी फाइल काढली. आत तुमचं अक्षर होतं.

तो अर्ज लिहिलात ती दुपार मला आठवते. इराकशी लढाई सुरू झालेली, रियाधमधली शाळा बंद. खिडक्यांच्या कडांना टेप लावून तुम्ही स्वयंपाकघरात लिहायला बसला आहात. मी नऊ वर्षांची, शेजारी बसून वाटाणे सोलते आहे. विषारी वायूच्या भीतीने दाराच्या फटीत ओला टॉवेल कोंबत अम्मी विचारते, काय लिहिताय? "गावच्या घरपट्टीचं." "इथे डोक्यावर रॉकेटं पडतायत, नि तुम्हाला घरपट्टी सुचतेय?" तुम्ही हसता. आम्हा दोघींना तरी गावी पाठवा, ती म्हणते. मान वर न करता तुम्ही म्हणता, "कशाला? काय होत नाय." खलास, विषय संपला. शेजारची बायकामुलं गावी निघून गेली, आपण राहिलो. अम्मी हे अजून अभिमानाने सांगते. त्यांना खात्री होती, म्हणून मी घाबरले नाही, म्हणते.

अर्जात तुम्ही लिहिलंय: घर माझ्या मालकीचे आहे. परंतु येथे युद्ध चालू असून माझ्या, पत्नीच्या व मुलीच्या जिवाचा भरवसा नाही. मागे कर थकू नये म्हणून नोंद तूर्त भावाच्या नावे करावी.

लढाई संपल्यावर ती नोंद परत फिरवायची राहूनच गेली. कारकून म्हणाला, हा कागद दाखवलात तर तुमचा चुलतभाऊ गप्प बसेल. बसेलही. पण मला तुमचंच काही कळत नाही, अब्बा. आमचे पासपोर्ट ठेवून घेणाऱ्या तुमच्या मालकाकडे, त्या कफीलकडे, तुम्ही ते मागितले होते, आणि त्याने दिले नाहीत? की मागितलेच नाहीत? घराची थकबाकी राहू नये याची तजवीज केलीत, आणि आम्हाला तिथेच ठेवलंत. मला राग येतो. मग ते वाक्य लिहिताना शेजारी मी बसले होते हे आठवतं, आणि रडू येतं. दोन्हीतलं खरं कुठलं, ते ठरत नाही.

पुढच्या आठवड्यात पंचायतीत सगळ्यांसमोर कागद वाचले जातील, आणि अम्मी ते ऐकायला तिथे असणार. अर्जाची नक्कल माझ्याजवळ आहे. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून कबूल करते: काही सापडलं नाही, असं मी तिला सांगितलंय. ती जराही डगमगली नाही. म्हणाली, "नीट शोध. तुझे अब्बा कुठली गोष्ट अर्धवट ठेवणारे नव्हते."