पुठ्ठ्यात बांधलेला कॉम्प्युटर

चिरंजीव दीडशहाणे यांस,

मामाचे भरघोस आशीर्वाद. (मागच्या फोनवर जे काही दिलं ते आशीर्वाद नव्हते, ते परत घेतले असं समज.) तुझी तब्येत ठणठणीत असेलच, लांबून यंत्रं पाठवून दुसऱ्यांची बिघडवणाऱ्यांची असतेच. इकडे माझे गुडघे जागच्या जागी आहेत, फक्त वाकत नाहीत. तुझ्या आईचं, म्हणजे आमच्या ताईचं, विचारशील तर डॉक्टर म्हणाले, आहे तेवढी नजर राहील, पण पुस्तकाची अक्षरं आता दिसायची नाहीत. कान मात्र असे तिखट की या घरात फोनवर खासगी बोलणं अशक्य. म्हणून हे पत्र.

तुझं पार्सल पोचलं. आत पत्त्यांच्या कॅटाएवढी एक हिरवी पाटी. ना झाकण, ना पडदा, ना कळफलक, साधी वायरसुद्धा नाही. आणि तुझी चिठ्ठी, ‘मामा, हा पूर्ण कॉम्प्युटर आहे.’ उद्या मी पुस्तक न बांधता छापील पानांचे सुटे फर्मे गिऱ्हाइकाच्या हातात कोंबतो आणि म्हणतो, हे पूर्ण पुस्तक आहे! पण हे यंत्र ताईला पुस्तकं वाचून दाखवणार म्हटल्यावर मी पडेल ते करायला तयार होतो. आठवड्याला तीन पुस्तकं फस्त करणारी बाई दोन महिने भिंतीकडे तोंड करून बसलेली तुला फोनवर दिसत नाही, मला रोज दिसते.

तर तू सांगितलंस, सिस्टीमची फाइल नखाएवढ्या कार्डावर टाका. टाकली. दुकानातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरून जशीच्या तशी कॉपी. मग टीव्हीपासून उंदरापर्यंत जे जे जोडायचं ते जोडलं. पाटीवर लाल दिवा लागला, टीव्ही काळाठिक्कर. चार दिवस आम्ही दोघं त्या काळ्या पडद्यापुढे बसलो. ताई मधूनमधून विचारी, ‘सुरू झालं का रे?’ मी म्हणे, ‘प्रस्तावना चालू आहे.’ शेवटी खालच्या मजल्यावरचा टीव्ही दुरुस्त करणारा वर आला. तो म्हणाला, फाइल नुसती कॉपी करून भागत नाही, ती वेगळ्या प्रोग्रॅमने कार्डावर उतरवावी लागते. हे तुझ्या चिठ्ठीत पाचव्या ओळीत होतं म्हणे. पाचव्या ओळीपर्यंत वाचतो कोण? चाळीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधली, वाचलं एकही नाही. पानांचे आकडे ओळीने आहेत ना, एवढं पाहायचं आणि सरस लावायचा.

यंत्र सुरू झालं ते चौकशा करतच. देश कोणता, भाषा कोणती, घड्याळ कुठलं, नाव काय, पासवर्ड काय. (माझ्या लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी एवढं विचारलं नव्हतं, विचारलं असतं तर तिथेच मोडलं असतं.) मग तू भरून पाठवलेली सातशे पानी कादंबरी ते वाचायला लागलं. आवाज स्टेशनवरच्या घोषणेचा, खून आणि प्रेमपत्र एकाच सुरात. पण ताईचा चेहरा असा काही उजळला की मी तोंड फिरवून नाक शिंकरलं. रडलो असं लिहायलाही हरकत नाही. रडलो.

आता माझी चूक. बिनपुठ्ठ्याची वस्तू मला उघडीनागडी दिसते, त्याला माझा इलाज नाही. दुसऱ्याच दिवशी मी तुझ्या यंत्राला जाड पुठ्ठा घातला, कापडी पाठ, कोपऱ्यांना चामडं, वर सोनेरी अक्षरांत ताईचं नाव. इतकं देखणं बाइंडिंग मी एवढ्यात केलं नव्हतं. वायरींना भोकं ठेवली, तेवढी अक्कल आहे. हवेला ठेवली नाहीत. कॉम्प्युटरलाही गुदमरतं हे मला काय ठाऊक? एकशे बाराव्या पानावर नायिका दार उघडायला उठली आणि घरभर सरस उकळल्याचा वास सुटला. ‘दारात उभा होता’ एवढं बोलून यंत्र गप्प.

ताई म्हणाली, ‘कोण उभा होता?’ मी यंत्राला थोपटलं, हलवलं, चार शिव्या हासडल्या. ‘अरे, पण कोण?’ नशिबाने तीच कादंबरी लायब्ररीकडून बांधायला आली होती. घेतले सुटे फर्मे आणि बसलो वाचायला. नवरा उभा होता. (तीन वर्षांपूर्वी मेलेला. मीही हादरलो.) तेव्हापासून तीन आठवडे रोज जेवणानंतर वाचतोय. सवयीने पानाखालचा आकडाही मोठ्याने वाचतो, झाडापानांची वर्णनं आली की दोन पानं उलटतो, आणि त्या नवऱ्याशी तर माझं हाडवैर जमलंय. ताई डोळ्यांत पाणी येईतो हसते. लायब्ररीवाल्या बाई पुस्तक मागायला येतात, त्यांना सांगतो, अजून वाळलं नाही.

तात्पर्य, तुझं यंत्र कामातून गेलं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझा,
सरसाच्या हाताचा मामा

ता. क. यंत्र कामातून गेलेलं नाही. टीव्हीवाल्याने पुठ्ठा फाडून काढला, त्याला दहा दिवस झाले. बेटं मजेत चालतंय. मी ते कपाटात चामड्याच्या तुकड्यांखाली दडवलंय. ताईला सांगितलंय, पंखा जळाला, मिळाला की लावू. (त्याला पंखा नव्हताच.)

आणखी ता. क. आता मुद्द्याचं. रविवारी फोन करशील तेव्हा ताईला सांग की तो पंखा कुठेच मिळत नाही. आम्ही चारशे दहाव्या पानावर आहोत. यंत्र सुरू झालं की मला कोण विचारतो?

बाळा, मी आई. लिफाफा चिकटवून टाकायला तुझ्या मामाने माझ्याकडे दिला. त्याचं अक्षर टपोरं, तरी भिंगातून वाचायला दोन दिवस लागले. यंत्र मला केव्हाच सापडलं. वायर कुठली कुठे लावायची ते टीव्हीवाल्याने दाखवलं. मामा दुकानात गेला की मी ऐकते. कादंबरी परवा संपली. नवरा शेवटी चांगला निघतो, पण हे मामाला बोलू नकोस. पंखा मिळत नाही असंच सांग. आणि पुढची कादंबरी कागदाची पाठव, याहून जाड बघून.