मीठवाल्याच्या नावे माझी वसाहत

मी, पुष्पलता रामा मेहेर, वय वर्षे चौसष्ट, मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यात तीस वर्षे साठा सांभाळून आता निवृत्त, राहणार सातपाटी, तालुका व जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते आहे. येत्या मंगळवारी माझे ऑपरेशन आहे. ते हृदयाचे आहे, डोक्याचे नाही; डोके ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. माझ्यावर दबाव आणणे किती जमते ते गल्लीत कोणालाही विचारावे.

१. राहते घर मुलगी दिशा हिला द्यावे. अंगणातले मासळी वाळवायचे बांबू मात्र तिने काढू नयेत. तिथे गाडी उभी करायचा जावयांचा विचार आहे, तो त्यांनी माझ्यासमोर दोनदा बोलून दाखवला आहे. गाडी रस्त्यावर उभी राहू शकते, बोंबील रस्त्यावर वाळत नाहीत.

२. पोस्टातली ठेव दिशा आणि मुलगा मिथुन यांना सारखी. मिथुन आठ वर्षांपासून बोईसरला राहतो, तिथल्या एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातो आणि माझ्याशी बोलत नाही. त्याने वाटा नाकारला तर तो पोस्टातच पडू द्यावा. पोस्टाला घाई नसते.

३. विळी, तराजू आणि यजमानांची जाळे विणायची सुई दिशाने ठेवावी. मोठा टोपही तिचाच. त्याचे झाकण शेजारीण सुलू हिच्याकडे सहा वर्षे आहे. सुलू या मृत्युपत्राची साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही असे वकिलांनी मला दोनदा समजावून सांगितले. तेव्हा झाकण परत यावे.

४. आता मुख्य मालमत्ता. गुडघ्याच्या दुखण्यात घरी बसले होते तेव्हा दिशाने मला टॅब आणून दिला आणि त्यात एक खेळ घालून दिला. इंटरनेटवर खेळायचा. रिकामा किनारा मिळतो, तिथे गाव वसवायचे. माझ्या वसाहतीत आज दोनशे अकरा घरे, सहा बोटी, मासळी सुकवायच्या तीन वाळवण्या आणि एक लोखंडाची खाण आहे. चौदा दिवस कोणी उघडली नाही, तर वसाहत मोडते आणि जागा दुसऱ्याला जाते. मी हॉस्पिटलात किती दिवस असेन, आणि परत येईन की नाही, हे डॉक्टर सांगत नाहीत. म्हणून हे कलम लांबणार आहे.

५. जो चालवील त्याने हे वाचावे. एका वाळवणीला दोनच बोटी जोडाव्यात. तिसरी जोडली की मासळी धक्क्यावर सडते आणि लोक वाळवणीला शिव्या देतात. वाळवणीला मीठ लागते, ते आपल्याकडे पिकत नाही, बाहेरून येते. सुकी मासळी खाणवाले खातात. ते पोटभर जेवले की लोखंड निघते, लोखंडाचे खिळे होतात, आणि खिळ्यांशिवाय बोट दुरुस्त होत नाही. म्हणजे बोटीपासून निघालेली साखळी फिरून बोटीपाशीच येते. एकदा पूर्ण थांबली तर आपोआप सुरू होत नाही. यासाठी कोठारात चाळीस खिळे कायम बाजूला ठेवलेले आहेत. कितीही अडले तरी त्यांना हात लावू नये. बर्फ कारखान्यात मी हेच शिकले: ओरड जिथे होते तिथे कधीच कमी पडलेले नसते, कमी पडलेले असते दोन घरे अलीकडे.

६. माझ्या बोटी एक जूनला बंद होतात आणि नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय निघत नाहीत. खेळात पाऊस नाही, मासेमारीला बंदी नाही, हे मला माहीत आहे. पण पावसाळ्यात बोट दर्यावर पाठवायला माझा हात धजत नाही. पहिल्या वर्षी मी कोणाला न सांगता सहाही बोटी किनाऱ्यावर घेतल्या. घरच्यासारखा माझ्यापुरता साठा मी मेमध्ये करून ठेवला होता. खेळातल्या आमच्या संघातले बाकीचे बावीस जण माझ्या मासळीवर अवलंबून होते याचा विचार केला नाही. त्यांच्या खाणी उपाशी राहिल्या आणि दीपगृह बांधायची स्पर्धा संघ हरला. ती चूक माझी. संघाचा प्रमुख दिग्विजय चौहान, बोईसरचाच, कारखान्यात उत्पादनाचे नियोजन करतो, त्याने सगळ्यांसमोर लिहिले, “आंटी, गेम में मानसून नहीं होता!” मी लिहिले, “तुज्या गेममदे नसेल. माज्या गावात हाय.” पुढे तो घरी येऊन माफी मागून गेला, भरलेले पापलेट खाऊन गेला, आणि आता सगळा संघ मेमध्ये कोठारे भरतो. तरी ते वाक्य मी विसरलेले नाही. त्याला काही मिळू नये म्हणून त्यालाही साक्षीदार केले आहे.

७. त्या वर्षी बावीसपैकी एकच जण गप्प राहिला. त्याचे खेळातले नाव मीठवाला. तो मला पावसाळा सोडून रोज सव्वातीनला, म्हणजे पहिली पाळी सुटल्यावर, मिठाची गाडी पाठवतो. चार वर्षांत त्याने एक शब्द लिहिलेला नाही. मी बोटी बंद केल्या त्याच दिवशी त्याने मिठागरे बंद केली. आपल्याकडचा कोणीतरी आहे, एवढे मी तेव्हाच ओळखले. मग नारळी पौर्णिमा झाली, आणि दुसऱ्या दिवशी त्याची गाडी आली. गाडीत पन्नास नग मावतात. आत एक नारळ होता.

माझे यजमान पौर्णिमेला सगळ्यांबरोबर दर्याला नारळ द्यायचे आणि एक मागे ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तो घरी पाठवायचे, “ह्यो तुजा.” गावात दुसऱ्या कोणाची ही रीत नव्हती. बोटीवरून घरापर्यंत तो नारळ मिथुन आणायचा.

असे चार नारळ माझ्या कोठारात आहेत. खेळ मला रोज सुचवतो की ते घाण्यात घालून तेल काढावे. घालू नयेत.

८. मिथुनला माझ्याकडून एक कबुली येणे आहे, ती मी इथे देते. यजमान बोटीवर असतानाच गेले. पुढच्या पावसाळ्यात, बोट किनाऱ्यावर झाकून ठेवलेली असताना, मी ती विकली. मिथुन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि पौर्णिमेनंतर बोट घेऊन जाणार होता. मी त्याला सांगितले की तळाच्या फळ्या कुजल्या, मोडीत दिली. महिन्याने त्याला ती खाडीपलीकडे मुरबे गावात दिसली. रंग बदलला होता, पण पुढच्या टोकाला बापलेकांनी मारलेला पत्रा तसाच होता. फळ्या कुजलेल्या नव्हत्या. मला भीती वाटली होती. भीती वाटते म्हणून सांगितले असते तर तो कदाचित थांबला असता, कदाचित नसता. पण मी त्याला ते विचारलेच नाही. विकल्याचा मला पश्चात्ताप नाही. खोटे बोलल्याचा आहे, रोज आहे.

सबब माझी वसाहत, सहा बोटी, चाळीस खिळे आणि चार नारळांसह, मीठवाला ऊर्फ मिथुन रामा मेहेर याला द्यावी. पासवर्ड म्हणजे त्या बोटीचे नाव. ते इथे लिहीत नाही, त्याला ते कोणी सांगायला नको.

९. हे कलम आज संध्याकाळी घातले. दिग्विजयने साक्षीदार म्हणून हे सगळे परवा वाचले आणि मला न विचारता मीठवाल्याला कळवले. अशा माणसाला साक्षीदार करू नये, पण आता दुसरा शोधायला वेळ नाही.

आज सव्वातीनला पहिली पाळी सुटली. साडेचारला मिथुन आला. दारात उभे राहूनच त्याने आठही कलमे वाचली. मग म्हणाला, “आये, सही खय करायची?”

मी म्हटले, “तू नाय करायची. साक्षीदाराला काय मिलत नाय.”

“वाचला मी ते,” म्हणाला. “म्हणूनच करतो. मला नको तुजी वसाहत. तू ये परत नि तूच चालव. पंदरा दिवस मी उघडून ठेवतो, त्याच्यावर एक दिवस नाय.”

सुलूने त्याच्या हातात पेन दिले. झाकण तिने येतानाच आणले होते.

त्याच्या सहीमुळे आठवे कलम रद्द होते. दुसऱ्या कलमातला त्याचा वाटाही जातो, हे मी त्याला सांगितले. त्याने ऐकले नाही. वसाहतीला दुसरा वारस मी नेमत नाही. पौर्णिमेनंतर बोटी मीच काढीन.

स्थळ : सातपाटी
दिनांक : १८ जुलै २०२५

लिहून देणार : पुष्पलता रामा मेहेर

वरील सही आमच्यासमोर झाली :
१. दिग्विजय चौहान, बोईसर
२. सुलू चिंधू पागधरे, सातपाटी
३. मिथुन रामा मेहेर, मुलगा