सासूबाईंची खुडूक कोंबडी

४ मार्च

आजही मनगटावर चोच मारली! कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवायला बसल्याला आज सोळावा दिवस, आणि रोज तिला टोपलीतून उचलून दाणापाणी मी करायचं. कोंबडी सासूबाईंची, अंडी सासूबाईंची, हौसही त्यांचीच. मांडीचं हाड मोडून त्या दोन महिने पलंगावर. हुकूम तेवढे चालू — उचलताना पंखाखाली बघ, अंडं अडकलेलं असतं. बघितलं. होतं अडकलेलं. म्हणून जास्तच राग आला.

५ मार्च

टोपली माझ्या शिलाई मशीनशेजारी. मापं द्यायला आलेली बाई नाकाला पदर लावून उभी. नवऱ्याला सांगितलं, तर म्हणे चारच दिवस राहिले, कळ काढ. ह्यांचं काय जातंय? सकाळी आठला घराबाहेर!

६ मार्च

टोपली उचलून मागच्या पडवीत ठेवली. सासूबाईंनी बजावलं होतं, जागा हलवू नकोस, खुडूक मोडेल. त्यांना विचारलंच नाही.

७ मार्च

मोडली.

दुपारी बघते तर बाईसाहेब अंगणात माती उकरतायत. अंडी कोमट. धरून बसवलं, उठली. पुन्हा बसवलं, पुन्हा उठली. तिसऱ्यांदा चोचसुद्धा मारली नाही, तेव्हा माझं धाबं दणाणलं.

सासूबाईंना सांगावंच लागलं. वाटलं, आता माझा उद्धार होणार. त्यांनी पांघरूण वर केलं.

"आण इकडे. मी पडलेलीच आहे."

नऊ अंडी, मऊ कापडात, त्यांच्या पोटाशी. गरम पाण्याची पिशवी दर दोन तासांनी मी भरायची. एक खुडूक उठली, दुसरी बसली!

८ मार्च

जेवायला नको म्हणतात, हलावं लागेल. अंग पुसू देत नाहीत. शेवटी मी आवाज चढवला — कालपासून एका कुशीवर आहात, पाठ सोलून निघेल, मग निस्तरायचं कोणी?

"हळू बोल," म्हणाल्या. "आत एक टकटक करतंय."

गुडघे टेकून पांघरुणाला कान लावला. खरंच करत होतं.

९ मार्च

पाच फुटली. चार गारच राहिली, त्यांचं पाप माझ्या माथी.

एक ओलं पिल्लू सासूबाईंच्या गळ्याशी झोपलेलं. काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे गं. दोन महिन्यांत अंगाला हात लागला तो पुसायला, नाहीतर सुई टोचायला."

मी हात सोडवून घेतला नाही. दारात कुणीतरी हाका मारत होतं, कपडे झाले का म्हणून. थोड्या वेळाने गेलं.