फोनवरच्या बाई

निवारा केंद्र, ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुला फोनवर दुभाष्याचं काम मिळालं, म्हणजे घरभर मला गप्प बस म्हणणारी तू आता बोलून पोट भरणार. मजा आहे.

माझं मात्र अडलंय. पळून येताना आपली चुकामूक झाली, त्यानंतर सरहद्दीच्या नाक्यावर माझ्यावर काय गुदरलं ते तुलाही सांगितलेलं नाही. विचारूही नकोस. इथे सांगितल्याशिवाय काही मिळत नाही. ना आतून कडी लागणारी खोली, ना बाई डॉक्टर, ना या देशात राहायची परवानगी. अधिकारी बाई भल्या आहेत. मला परकं वाटू नये म्हणून त्यांनी मुद्दाम आपल्याच गावचा दुभाषी शोधला, आपले शाळेतले मास्तर. त्यांच्यासमोर माझी दातखीळ बसली. काही झालं नाही, असं सांगून उठले. मास्तर आनंदाने दालनभर सांगत सुटले, पोरगी सुखरूप आहे म्हणून.

माझी खाट अजून पडद्याआड आहे, पलीकडे अनोळखी पुरुष. मी बूट घालूनच झोपते.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझी टकळी

ता. ११ मार्च

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

विचारत नाही. पण अधिकारी बाईंना सांग, गावचं कुणी नको, फोनवर लांबची बाई हवी. तसा नियम आहे, मागितल्याशिवाय कुणी देत नाही एवढंच. ती तुझं बोलणं ‘मी’ म्हणूनच पुढे सांगेल, आमची तशी रीत आहे. नातेवाइकाचं काम आम्ही घ्यायचं नाही, नाहीतर जबाब रद्द. तेव्हा मी नसेन, घाबरू नकोस.

परवानगी मिळाली की बहिणी म्हणून एकत्र राहायचा अर्ज टाकतेच. वेळेवर जेव. ऐकणार नाहीस, तरी सांगते.

तुझी,
ताई

ता. २ एप्रिल

चि. टकळीस,
अनेक आशीर्वाद.

आम्हाला नाव कळवत नाहीत, फक्त केंद्राचा क्रमांक जोडून देतात. परवा फोन जोडला, तुझा आवाज आला आणि माझ्या पायाखालची जमीन सरकली. एकमेकींना ओळखता का, हा अधिकारी बाईंचा प्रश्न मीच तुला विचारला. तू मला ओळखलं होतंस, तरी नाही म्हणालीस. मीही तेच पुढे सांगितलं. फोन सोडला तर परत मास्तर येतील, ही भीती.

मग नाक्यावरच्या शिपायांनी केलेला बलात्कार तू सांगत गेलीस आणि मी ‘मी, मी’ म्हणत गेले. आवाज कापू दिला नाही. नंतर भिंतीला टेकून रडले.

तुला खोली मिळाली. पण आता बहिणी म्हणून अर्ज टाकला तर जबाब रद्द आणि तू खोटी. नाही टाकला तर जन्मभर परक्या. त्यात अधिकारी बाईंनी पुढच्या खेपेलाही मलाच मागितलंय. काय करू, तूच सांग.

तुझी,
ताई

ता. ९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुला कळू नये म्हणून इतके दिवस जिवाचा आटापिटा केला, आणि शेवटी तुझ्याच तोंडून ऐकावं लागलं. त्याचा राग आला, तुझा नाही.

अर्ज टाक. मी अधिकारी बाईंना खरं सांगितलं. त्या डोक्याला हात लावून बसल्या. खोली राहील की जाईल, त्यांनाही ठाऊक नाही. पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. सांगेन. दुभाषी परकीच मागितली आहे, आणि माझ्या शेजारी तुझ्यासाठी खुर्ची.

या खेपेला गप्प बसायचं काम तुझं. जमेल ना?

लोभ ठेव, येताना घेऊन ये.
तुझी टकळी