तुसाच्या गादीवरची पंगत

चिजांतुंग, जि. चियामिस
१० नोव्हेंबर १९९५

ती. उवा ओनाह यांना देदेनचा सा. न. वि. वि.

तुमच्या घरी राहिलेली माझी ट्रंक, उशी आणि खिडकीतला आरसा वाटल्यास कुणालाही देऊन टाका. मी कॉलेजला परत येणार नाही. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, म्हणजे तुम्हाला पत्राच्या शेवटापर्यंत धाकधूक नको.

कारण आपली शेड. मागच्या बॅचला कोंबड्यांचा वास इतका सुटला की गावाने बैठक बोलावली. सगळ्यांत पुढे हाजी सोबाना, ओढ्यापलीकडचे भातगिरणीवाले. त्यांना म्हणे स्वतःच्या ओसरीवर बसून चहा पिता येत नाही. शेवटी गावचे प्रमुख म्हणून कुवूंनी निकाल दिला की आताची बॅच निघायच्या आदल्या दिवशी ते स्वतः येऊन पाहतील. वास गेला असेल तर ठीक, नाहीतर शेडला कायमचं कुलूप. अकरा वर्षांचा धंदा, आणि तुमचे धाकटे भाऊ, आमचे आबा, मान खाली घालून हो हो म्हणत होते. माझं डोकं फिरलं. मी उठून म्हणालो की वास आमचा असेल, पण खाली अंथरलेलं तूस हाजींच्या गिरणीचं आहे, तेव्हा निम्मा वास त्यांनी आपल्या घरी न्यावा. लोक हसले. आबांनी शर्ट ओढून मला खाली बसवलं.

त्या दिवसापासून आबांनी शेडचे सगळे पडदे सोडून दोऱ्यांनी आवळून टाकलेत. पिल्लं लहान असताना उबेसाठी पडदे लागतातच, पण आता ती तेरा दिवसांची झाली. मी विचारलं तर म्हणाले, लोकांना त्रास नको, आपला वास आपल्या घरात राहू दे. खालची तुसाची गादी दमट व्हायला लागली आहे. मी मात्र हातावर हात ठेवून बसणार नाही. चुना आणणार आहे. आमच्या पशुपालनाच्या कॉलेजात चुन्याचा धडा सुरू झालेला मी स्वतः ऐकलाय.

हाजींना एक मुलगी आहे, निनिंग. गिरणीत काट्यापाशी बसते. कोंडा उडून तिच्या पापण्यांवर बसतो आणि ती तो पुसत नाही. हे सहज लिहिलं.

आत्याची माया आहे तशीच ठेवा, राग आला तरी.
आपला,
देदेन

*

बांडुंग
१४ नोव्हेंबर १९९५

चि. देदेन यास अनेक आशीर्वाद.

ट्रंक कुणाला देणार नाही. तिच्यावर मी पापडाचे डबे ठेवले आहेत. आरशासमोर तू इतका वेळ उभा राहायचास की तो अजून तुझंच तोंड दाखवतो, म्हणून उलटा करून ठेवलाय.

तुझं पत्र तुझ्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, पोरगा शेडसाठी गेला. मी म्हटलं, शेवटचा परिच्छेद परत ऐका. पापण्यांवरचा कोंडा तू सहज लिहिलास आणि मी सहज वाचला, असं समज.

रागावले आहेच. चार सहामाह्या झाल्या होत्या, अजून तेवढ्याच राहिल्या होत्या. अर्ध्यातून उठलेल्या माणसाला अर्धंच येतं, आणि अर्धं येणारा माणूस न येणाऱ्यापेक्षा जास्त घाईत असतो. चुना आणण्याआधी कुणाला तरी विचार. तुझा स्वभाव पाहता तू पत्र मिळण्याआधीच आणला असशील.

मला त्या शेडमध्ये यायला सांगू नकोस. मागच्या खेपेला नाकाला बामाचा रुमाल लावून उभी होते, तरी दोन दिवस जेवण गेलं नाही.

तुझ्या आईला, अंबूला, जप म्हणावं. तुझ्यावरचा लोभ उरलाय, पण तो फार ताणू नकोस.
तुझी,
उवा

*

चिजांतुंग
२० नोव्हेंबर १९९५

ती. उवा यांना सा. न. वि. वि.

चुना आणला होता. तुमचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं. खरं तेच लिहितो.

गादी ओली झाली होती. पाण्याच्या भांड्यांखाली तर भाकरीसारखा थर बसला होता, पाय दिला की पचपच करायचा. मी आठ पोती चुना कोंबड्यांच्या पायांखाली सगळीकडे भुरभुरवला आणि दाताळ्याने मिसळला. वाटलं, उद्यापर्यंत कोरडं होईल. तासाभरात आत उभं राहवेना. अमोनिया असा उसळला की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या, आणि पक्षी डोळे मिटून, माना आखडून भिंतीकडेला गोळा झाले. चाळीस मेले. पडदे बंदच होते, पण एवढा वास पडद्याला थोडाच ऐकतो. फटींमधून निघाला आणि वाऱ्याबरोबर ओढा ओलांडून गेला.

आणि नेमके तेव्हा हाजींच्या ओसरीवर तासिकहून पाहुणे आले होते, निनिंगला बघायला. मुलाची आई चहाचा कप तसाच ठेवून उठली असं म्हणतात. मुलगा म्हणे गाडीत जाऊन बसला आणि काचा वर करून घेतल्या. हाजी तसेच आमच्या अंगणात आले आणि आबांना म्हणाले की आता कुवूंची वाट कशाला बघायची, आजच कुलूप लावा. आबा पुन्हा मान खाली घालून उभे. मी म्हणालो, ठरलेल्या दिवसाआधी कुणी कुलूप घेऊन आलं तर ते कुलूप ओढ्यात जाईल.

चाळीस पक्ष्यांचं मला वाईट वाटतं. मीच मारले. तासिकवाल्यांचं वाटत नाही.

सोळा दिवस राहिलेत. काय करू ते सुचत नाही, हे फक्त तुम्हाला लिहितोय.
आपला,
देदेन

*

बांडुंग
२४ नोव्हेंबर १९९५

चि. देदेन यास आशीर्वाद.

तुझं पत्र घेऊन मी बसने तुझ्या कॉलेजात गेले आणि तुमच्या त्या शिकवणाऱ्या बाईंना, बू सुहार्तींना, शोधून काढलं. त्यांनी पत्र वाचलं. तासिकच्या मुलाने काचा वर केल्या तिथे त्या इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसला. मग गंभीर झाल्या. त्यांनी सांगितलं की चुना रिकाम्या जमिनीवर टाकायचा असतो, तूस अंथरायच्या आधी. ओल्या गादीवर, पक्षी वर असताना टाकला की तो विष्ठेतला सगळा अमोनिया बाहेर काढतो. हा धड्याचा दुसरा भाग. तो त्यांनी तू गेल्यानंतरच्या बुधवारी शिकवला.

आता मी जे वहीत उतरवून घेतलं ते नीट वाच. चुना जिथे गोळा होऊन पडलाय तो थर आणि भांड्यांखालचा ओला थर फावड्याने काढून शेडपासून लांब टाक. भांडी गळतात का बघ, आणि पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला टांग, म्हणजे ते पाणी सांडणार नाहीत. त्या जागी कोरडं तूस. रोज सकाळी सगळी गादी दाताळ्याने खालीवर कर. मूठभर घेऊन आवळायची. गोळा झाला तर ओली, हात उघडताच धूळ होऊन उडाली तर फार कोरडी, हलकेच धरून भुगा झाली तर बरोबर. आणि सगळ्यांत आधी त्यांनी विचारलं, पडदे उघडे आहेत ना. मी म्हटलं, नाहीत. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, हवा खेळली नाही तर ओल जाणार कुठे? वास कोंडल्याने वाढतो.

तुझ्या आबाला मी लहानपणापासून ओळखते. सात वर्षांचा असताना त्याने आजीचा पाण्याचा माठ फोडला आणि लुंगी पसरून तुकड्यांवर बसून राहिला, संध्याकाळपर्यंत. उठला तेव्हा मांडीला तीन ठिकाणी कापलं होतं. ते पडदे म्हणजे तीच लुंगी आहे. तू उघड. त्याच्याशी बोलून नाही, नुसतं उघड.

बसचं भाडं तुझ्या नावावर मांडलेलं नाही, पण विसरलेही नाही.
तुझी,
उवा

*

चिजांतुंग
३० नोव्हेंबर १९९५

ती. उवा यांना सा. न. वि. वि.

उघडले. सकाळी मी पडदे वर गुंडाळायचो, दुपारी आबा येऊन सोडायचे. मी पुन्हा वर, ते पुन्हा खाली. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोऱ्यांना अशा गाठी मारल्या की त्या सुटेनात, तेव्हा मी विळा घेऊन सगळ्या दोऱ्या कापल्या आणि वाऱ्याच्या दोन्ही बाजूंचे पडदे काढून ओढ्यात धुवायला टाकले. आता पाऊस तिरका आला तरच एक बाजू लावतो. आबा माझ्याशी बोलत नाहीत. अंबूमार्फत निरोप येतो की तुझ्या मुलाला सांग, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. मीही अंबूमार्फतच कळवलं की तोंड मलाही एकच आहे आणि ते मी रोज गावातून फिरवून आणतो.

ओले थर काढले. पण त्या जागी टाकायला तूस हवं, आणि गावात गिरणी एकच. मी गेलो. हाजी नव्हते, काट्यापाशी निनिंग होती. मला वाटलं हाकलून देईल. तिने विचारलं, तासिकच्या लोकांसाठीच उडवला होतास का एवढा चुना? मी खरं सांगितलं, की तेव्हा मला त्यांची खबरही नव्हती. ती म्हणाली, अरेरे, मला वाटलं तुला कळलं असेल. उवा, या वाक्यावर मी चार दिवस जगतोय.

मग ती मला गिरणीच्या मागे घेऊन गेली. तिथे तुसाचे दोन ढीग आहेत. एक पत्र्याखाली, खडखडीत कोरडा. तो वीटभट्टीला जातो, कारण ओलं तूस भट्टीत पेटत नाही आणि भट्टीवाला लगेच परत पाठवतो. दुसरा उघड्यावर, पावसात भिजलेला. तो कोंबड्यांसाठी. आबांनी अकरा वर्षांत एकदाही परत पाठवला नाही, म्हणून तो ढीग आमचा. निनिंग म्हणाली की तिने हे बापाला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी तिला हिशेबाची वही नीट लिहायला सांगितली. त्या दिवशी भट्टीच्या गाडीतून तिने कोरडी तीस पोती आमच्याकडे वळवली. भाव तोच लावला आणि पावतीवर स्वतःची सही केली. तिच्याएवढं धाडस माझ्यात नाही. मी नुसता ओरडतो.

गादी आता भुगा होते. पण लोक आत येत नाहीत. वास येणार असं ठरवूनच नाक धरून ओढ्यापलीकडून जातात. म्हणून मी कुवूंना सांगून आलोय की सहा तारखेला नुसतं डोकावू नका, जेवायलाच या. शेडच्या पुढच्या टोकाला, त्याच तुसावर चटया घालून, केळीच्या पानांवर बोत्रामची पंगत करायची. सगळा गाव एका पानाभोवती. ज्याच्या घशाखाली घास उतरणार नाही त्याने तसं सांगावं, कुलूप मी माझ्या हाताने लावेन.

आबांना अजून सांगितलेलं नाही.
लोभाला वारा लागू द्या, उवा.
देदेन

*

बांडुंग
३ डिसेंबर १९९५

चि. देदेन यास आशीर्वाद.

तू वेडा आहेस हे तुझ्या जन्माच्या दिवशीच सुईणीने सांगितलं होतं.

पण ठरवलंच आहेस तर ऐक. जेंगकोलच्या बियांची भाजी करू नकोस. खाणाऱ्याच्या तोंडाचा तो वास शेडच्या नावावर जाईल. दाराशी चुन्याच्या पाण्याची परात ठेव आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाय त्यात बुडवायला लाव, म्हणजे बाहेरचा रोग पक्ष्यांना नको आणि तुझा उरलेला चुना एकदाचा योग्य जागी लागेल. पक्षी आणि माणसं यांच्यामध्ये बांबूचा तट्टा लाव. आबाला आदल्या दिवशी सांग, नाहीतर तो लुंगी घेऊन येईल.

मी येत नाही. मला नाक आहे.
तुझी,
उवा

*

चिजांतुंग
९ डिसेंबर १९९५

ती. उवा यांना सा. न. वि. वि.

आबांना आदल्या दिवशी सांगितलं. ते उठून गेले. अंबूने पहाटेपासून लिवत भात, खारी मासळी, तळलेलं तोफू आणि मिरचीचा ठेचा केला. जेंगकोल केलं नाही.

कुवू आले आणि त्यांच्यामागे गाव. निम्मे बाहेरच थांबले. कुवूंनी परातीत पाय बुडवले, आत आले, उभे राहिले. तट्ट्यापलीकडे कोंबड्या आपल्या नादात तूस उकरत होत्या. त्यांनी एकदा श्वास घेतला, पुन्हा एकदा घेतला, आणि मग मांडी घालून बसले. त्यांनी सरळ भाताकडे हात नेला. त्यावर बाकीचे आले.

हाजी सोबाना दारात उभे राहिले, पण पाय बुडवीनात. म्हणाले की एक दिवस अत्तर मारून कुणीही वास दडवू शकतो. मी काहीतरी बोलणार होतो, उवा, बरंच बोलणार होतो. तेवढ्यात आबा पुढे झाले. मला वाटलं माफी मागतील. त्यांनी वाकून पायाखालची मूठभर गादी उचलली, दारात जाऊन हाजींच्या हातात दिली आणि आवळून बघा म्हणाले. हाजींनी आवळली. हात उघडला तर नुसता भुगा. ते गिरणीवाले आहेत, तूस त्यांना कळतं. त्यांच्या तोंडून निघून गेलं की इतकं चांगलं तूस कुठून आणलंत?

मी तोंड शिवून बसलो होतो, कारण नाव घेतलं तर ते तिच्यावर जाणार. मागून निनिंग आली. तिने बापाशेजारूनच परातीत पाय बुडवले, आत आली आणि सांगितलं की आपल्याच गिरणीचं आहे, पत्र्याखालच्या ढिगातलं, पावती तिच्या सहीची आहे. मग बायकांच्या बाजूला अंबूशेजारी बसून तिने खारी मासळी मागितली. कुवूंनी हाजींना विचारलं की इतकी वर्षं यांना कुठल्या ढिगातलं जात होतं. हाजींनी हातातला भुगा झटकला आणि पाठ फिरवली. जेवलेही नाहीत. पण परत जाताना मुलीला सोबत चल म्हणायचं त्यांना सुचलं नाही, आणि ती शेवटपर्यंत जेवली.

हात धुताना कुवू आबांना म्हणाले की पुढची पिल्लं आली की कळवा.

मी त्याच संध्याकाळी हाजींकडे गेलो आणि निनिंगला मागणी घातली. घाई केली, माहीत आहे. ते नाही म्हणाले. मी विचारलं, नकार मला आहे की शेडला? ते म्हणाले, दोघांना. मी म्हटलं, शेडचा तर आज दुपारी कुवूंनीच मोडीत काढला, राहिला माझा. मी दर महिन्याला येईन. तूस न्यायला तर यावंच लागतं, आणि आता पत्र्याखालचंच नेणार. दाराआडून कुणीतरी हसलं.

परवा गाड्या येऊन पक्षी घेऊन गेल्या. काल सकाळी उठलो तर आबा रिकाम्या शेडमध्ये होते. काही राखायचं नव्हतं, कुणी बघणारंही नव्हतं, तरी त्यांनी उरलेल्या दोन बाजूंचेही पडदे वर गुंडाळून पक्के बांधले होते. मला बघून म्हणाले, बू सुहार्तींचा तो धडा अजून पुढे किती आहे ते उवाला विचारून घे. माझ्याशीच म्हणाले, अंबूमार्फत नाही.

तेव्हा उरलेल्या धड्यांच्या वह्या कुणाकडून तरी मागून पाठवा. कॉलेजला मी येणार नाही, ते कायम आहे. वह्या आणायला तुम्हीच आलात तर आणखी बरं. पिल्लं वीस तारखेला येतील. मुक्काम शेडशेजारच्या खोलीत.

आणि उवा, येताना रुमाल आणू नका.
आपला,
देदेन