धुराच्या गावात वाळीतलं घर

१४ जानेवारी
“वसाहतीच्या वाऱ्याखाली राहणाऱ्या माझ्या आयाबायांनो, शेतकरी बांधवांनो! यंदाही आपल्या वालाचा फुलोरा एका रात्रीत करपला, आणि यंदाही साहेब म्हणाले, कीड पडली.”
परवा जनसुनावणीत करायच्या माझ्या भाषणाची सुरुवात ही. पुढचं अजून बसत नाही. कंपनीला धाटावच्या औद्योगिक वसाहतीत दुसरा प्लांट हवाय, पहिल्याची वाफ आम्ही अजून गिळतोय. मागणी एकच ठेवायची. आधी गावात धोक्याचा भोंगा आणि हवा मोजायचं यंत्र, मग वाढीचं बोला.
शेजारची सुलभा उंबऱ्यात बसून ऐकत होती. “साहेबांना बांधव नको म्हनूस गो काकी. चढतील.”

१६ जानेवारी
सुनावणी. मंडप कंपनीचा, पंखे कंपनीचे, पाण्याच्या बाटल्या कंपनीच्या. मी बोलले. घसा फुटला, पण मंडप हलला. साहेब कागद चाळत राहिले.
मग रमेश उभा राहिला. धर्माबाबांचा रमेश, त्याच कंपनीत कंत्राटी ऑपरेटर. अंगात कंपनीचा शर्ट, हातात लिहून दिलेला कागद. “आमच्या गावात वास येत नाय. कंपनी काळजी घेते.” एवढं वाचलं आणि खोकल्याची उबळ आली. थांबेचना.
मागून कुणीतरी ओरडलं, “वास नाय तर खोकतोस कशाला? साहेबांची सर्दी लागली काय?”
सगळा मंडप हसला. मीही हसले. तो कागदाची घडी करून खाली उतरला.

१७ जानेवारी
संध्याकाळी देवळात गावकी बसली. बायकांना आत बसायला नाही, म्हणून मी पायरीवर. पंच आमचे मधूभावजी, माझे चुलत दीर. निकाल पाच मिनिटांत झाला. रमेशचं घर वाळीत. कुणी बोलायचं नाही, विस्तव-पाणी नाही, सुखादुःखाला जायचं नाही. जाईल त्याला दंड.
पायरीवरून ओरडले, “कंत्राटी पोराला वाळीत टाकून कंपनीचं काय तुटलं? भांडण त्या चिमणीशी आहे!”
भावजी शांतपणे म्हणाले, “वहिनी, स्टेज तुमचं. देऊळ आमचं.”
कालच्या टाळ्या वाजवणारे तेच हात. आज मांडीवर थापा मारून हसत होते.

२३ जानेवारी
भोंगा मिळेपर्यंत आपली सोय आपण करायची. आज थाळ्यांचा सराव घेतला. पहिला वास येईल त्याने थाळी वाजवायची. प्रत्येकाने पुढच्या घराची कडी वाजवून माणसं बाहेर काढायची. नाकावर ओला फडका, वाऱ्याला आडवं जायचं, देवळाच्या टेकाडावर. पोरांना मजा वाटली. भावजीसुद्धा फडका बांधून चढले, दरोडेखोर दिसत होते.
सुलभाच्या पुढचं घर धर्माबाबांचं. ठार बहिरे. थाळी त्यांना ऐकू जायची नाही, हात धरूनच काढायला हवं. सुलभा त्यांच्या कुंपणापाशी आली, थांबली, आणि वळसा घालून त्यापलीकडच्या घराची कडी वाजवली.
मी विचारलं, हे काय?
भावजी म्हणाले, “खराच धूर आला म्हंजे बघू की. आज कशाला?”
म्हणजे सरावात सोडायचं आणि धुरात आठवायचं. ज्याचा सराव केला तेच हातून होतं, हे यांना कोणत्या भाषेत सांगू? वायुगळतीबद्दल मी वाचलेलं सगळं पाण्यात.

२ फेब्रुवारी
अष्टमी गावाच्या पुलावर रमेश मोटरसायकलवरून येताना भेटला. मला पाहून तोंड फिरवलं. मीच गाडीसमोर उभी राहिले.
“बाई, तुमाला दंड पडंल.”
“पडू दे. कागद का वाचलास?”
“नाय वाचला तर उद्यापासून येऊ नको म्हनाले.” मग गाडी कठड्याला लावली. “बाबाला सांगितलंच नाय वाळीत टाकल्याचं. त्याच्याशी कोन बोलत नाय ना, तर त्याला वाटतं त्याचाच दोष. म्हनतो, रम्या, माजी आता नजर पन गेली रं, लोकांची तोंडं हललेली दिसत नाय.”
गाडीला किक मारून गेला. 

११ फेब्रुवारी
 आज घडलं ते लिहिते.
सकाळी, बायका पाण्यावर असताना, कंपनीच्या मागून पांढरं धुकं उतरलं. नाकात मिरची कोंबल्यासारखं. थाळी वाजली. दुसरी, तिसरी, सगळ्या. ठरवलं होतं तसं अगदी. कड्या वाजल्या, फडके भिजले, तान्ही पोरं, बाळंतीण, सगळे टेकाडावर. माझी छाती फुगली. खोटं का लिहू? फुगली.
आणि वरून खाली पाहिलं तर धर्माबाबा अंगणात बसलेले. धुराकडे पाठ. समोर सुपात वालाच्या शेंगा. सोलत होते. रमेश शिफ्टला.
सगळ्यांना दिसत होते. सगळे बघत होते. कुणीतरी म्हणालं, “कळंल त्यांना आता.”
मी निघाले तर जावेने पदर धरला. हिसका देऊन सुटले. पोचले तेव्हा धुकं अंगणात आलं होतं. त्यांनी वर पाहिलं, मला बघून चेहरा असा काही उजळला!
“ये गो बाय. आज वाट चुकलीस?”
बसायला पाट सरकवायला लागले. मी ओढत होते आणि ते पाट सरकवत होते. मग खोकला. मग रक्त.
कंपनीचीच गाडी त्यांना अलिबागच्या इस्पितळात घेऊन गेली.

१२ फेब्रुवारी
माझा घसा सोलवटलाय, कुजबुजण्यापुरताच आवाज निघतो. सुलभा आली.
“मी हाक मारलेली काकी. कुंपनापासून.”
“बहिऱ्याला?”
“भावजी मागंच व्हते. दंड कुठून भरू मी?”
रडली. रडू दिलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

१५ फेब्रुवारी
धर्माबाबा आज दुपारी गेले. कंपनीचे साहेब म्हणतात, म्हातारं माणूस, दमा असणार. या माणसाला कधी साधी धाप लागलेली कुणी पाहिली नाही.
संध्याकाळपर्यंत नाक्यावर फलक लागला. “कंपनीने घेतला आमच्या गावाचा बळी!” मध्ये धर्माबाबा, रमेशच्या लग्नातल्या फोटोतून कापून काढलेले. खांद्यावर अजून रमेशची चार बोटं दिसतात. बाकीचा रमेश कापलाय.
भावजी उत्साहात घरी आले. “वहिनी, उद्या सकाळी गेटवर मोर्चा. बोलायचं तुमी. असं बोला की साहेबाची पँट सुटली पायजे.”
“आणि खांदा कोण देणार?”
“वाळीत हायत ना ते. वाळीतून काढायचं तर गावकी बसाया लागंल. ती अमावास्येला.”
“फलकावर फोटो चालतो आणि दारात येणारं प्रेत चालत नाही?”
“फोटोला खांदा लागत नाय, वहिनी.”
हे म्हणताना चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. नियम सांगावा तसं सांगितलं. चहा पिऊन गेले.
मग रमेश मागच्या दाराने आला. आत आला नाही. प्रेत सकाळी अलिबागहून येतंय, मोर्चाच्याच वेळेला. स्मशानात गाडी जात नाही, बांधावरून न्यावं लागतं, चौघं हवीत. एक तो. एक त्याच्या शिफ्टमधला ओडिशाचा मुलगा, गावात त्याला कुणी ओळखतही नाही. मी म्हटलं, तिसरी मी. तो बघतच राहिला. “बाई मानूस खांदा देतं काय?” “उद्यापासून देतं.”
चौथं कुणी नाही.
यंत्र मागायचं आहे, भोंगा मागायचा आहे, वाफ सोडणाऱ्याला कोर्टात उभं करायचं आहे. सोडणार नाही यातलं काहीच. पण उद्या गेटवर जायची नाही. नाक्यावर त्या फलकाखालीच उभी राहीन. आवाज अजून फुटत नाही, जेवढा निघेल तेवढ्यात बोलेन. लिहून ठेवते:
गेटकडे निघालेल्या माझ्या गावकऱ्यांनो, ज्यांची फुफ्फुसं माझ्यासारखीच जळतात त्या माझ्या माणसांनो! त्या कंपनीने वाफ सोडली, आणि आपण टेकाडावरून बघत राहिलो. जाब विचारायला आपण जाऊच. पण आत्ता इथून वळा. धर्माबाबांच्या अंगणात तिरडी बांधून ठेवली आहे आणि तिची एक बाजू जमिनीवर टेकली आहे. एकानं या. कुणीही एकानं. चौथा खांदा द्या.